दोन विती लांबीची वीट

भाचा इटलीहून आला तो मोबाइलमध्ये अख्खं पॉम्पेई भरूनच. जेवणं झाल्यावर दिवाणखान्यात दीड तास फोटो पाहणं झालं. फरसबंद रस्त्यावर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या, पाववाल्याची भट्टी, दुकानांचे उंबरे. मी चौतीस वर्षं बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होतो, त्यामुळे माझी नजर भिंतींच्या सांध्यांवर. चुन्यात ज्वालामुखीची राख कालवून रोमन लोक जो मसाला करत, तो अजून धरून आहे. मी म्हटलं, "रविवारी मानसरला चल. तिथल्या भिंती दाखवतो."

नागपूरहून कामठी, कन्हान मागं टाकून जबलपूर रोडनं पन्नासेक किलोमीटर. रामटेकचा फाटा फुटतो तेच मानसर. बहुतेकांना ते मॅंगनीजच्या खाणीसाठी आणि फाट्यावरच्या चहासाठी ठाऊक. तलावाजवळच्या टेकडीला लोक हिडिंबा टेकडी म्हणतात. भाचा वर चढला, चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाला, "मामाजी, शहर कुठं आहे? इथं तं नुसत्या विटाच दिसून राहिल्या."

विटाच पाहायच्या आहेत, म्हटलं. वीत टाकून पाहिली तर एकेक वीट जवळजवळ दोन विती लांब. आपल्या भट्टीची वीट तिच्यापुढं लेकरू. रोमन राजमिस्त्री चुन्यानं बांधत होता, इथला चिखलानं. टेकडीच्या उतारावर विटांचे खण, म्हणजे चौकोनी पेट्याच बांधलेल्या आहेत आणि त्या मातीनं भरलेल्या आहेत. हे कशासाठी, ते आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं. सलग भिंत घातली तर पावसाळ्यात मागची माती फुगते आणि भिंतीला पोट सुटतं. खण पाडले की मातीचा रेटा वाटला जातो, नि डोंगरावर सपाट ओटा मिळतो. दीड हजार वर्षांपूर्वी हे ज्यानं आखलं, त्याला मी माझ्या हाताखाली नाही, माझ्या वरच बसवला असता.

हे शहर वाकाटकांचं. इथलं मोठं उत्खनन 1997-98 पासून जगत्पती जोशी आणि ए. के. शर्मा यांनी नागपूरच्या बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेतर्फे केलं. पॉम्पेईत खोदकाम सुरू झालं 1748 मध्ये, आणि तरी त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा अजून मातीखाली आहे. तेव्हा मानसरला उतावीळ होण्यात अर्थ नाही. टेकडीवर नेमकं काय होतं, यावर विद्वानांचं जमत नाही. शर्मांना तिथं बौद्ध स्तूप दिसला. हान्स बाकर या डच अभ्यासकानं हे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचं प्रवरेश्वर देवालय आणि भोवती त्याची राजधानी प्रवरपूर, असं मांडलं. त्याआधी आपल्या नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार, असं सांगत. मला बाकरचं पटतं, पण मी पडलो विटांचा माणूस, ताम्रपटांचा नव्हे.

या प्रवरसेनानं महाराष्ट्री प्राकृतात 'सेतुबंध' हे महाकाव्य लिहिलं. विषय, रामानं लंकेला बांधलेला पूल. पुलाच्या कामावर महाकाव्य! आमच्या खात्यात फक्त टिपणं लिहिली गेली.

तिथून नगरधनला गेलो, रामटेकच्या दक्षिणेला. किल्ला दिसतो तो भोसल्यांच्या काळातला. प्रवरपूरच्याही आधीची वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, आणि आजचं गाव तिच्याच डोक्यावर वसलेलं. पॉम्पेई इ.स. 79 मध्ये राखेखाली गाडलं गेलं म्हणून जसंच्या तसं राहिलं. नगरधनला असं काही आभाळ कोसळलं नाही. लोक राहत गेले. एकाच्या ओसरीखाली दुसऱ्याची ओसरी.

2015 ते 2018 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागानं इथं खोदलं, तेव्हा मातीचा एक अंडाकार ठसा मिळाला. वजन 6.40 ग्रॅम, लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. वर शंख, खाली ब्राह्मी अक्षरांत प्रभावतीगुप्ताचं नाव. पत्र दोरीनं बांधायचं, गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबायचा, त्यावर मुद्रा उमटवायची. गोळा शाबूत, म्हणजे पत्र कोणी फोडलेलं नाही. पत्र केव्हाच मातीत गेलं, सही तेवढी उरली.

ही प्रभावती म्हणजे दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक आणि प्रवरसेनाची आई. नवरा लवकर गेला, मुलं लहान, म्हणून कारभार तिनं पाहिला. पुण्यात मिळालेल्या तिच्या ताम्रपटात वंशावळ आहे ती माहेरची, गुप्तांची. सासरच्यांना काय वाटलं असेल, देव जाणे. थोड्याच वर्षांनी, 425 पासून, रोमच्या साम्राज्यातही गाला प्लासिडिया ही बादशहाची लेक आपल्या पोरक्या मुलाच्या नावानं राज्य चालवत होती. भाच्याला हे नाव ठाऊक होतं. प्रभावतीचं नव्हतं. रागवलो नाही. मलाही निवृत्तीनंतरच कळलं.

गावाबाहेर नांगरलेल्या वावराच्या धुऱ्यावर खापरं पडली होती. भाच्यानं एक उचललं, अंगठ्यानं माती पुसली आणि खिशाकडं हात नेला. वावरात काम करणारी बाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"ते काहून नेता भाऊ? इथं लई हायेत. पण ज्याचं त्याच्या जागी ऱ्हाऊ द्या."

त्यानं ते धुऱ्यावर परत ठेवलं, अगदी होतं तसं, पालथं.