ज्या हाताने घेतले

रमजानमध्ये गुलटेकडीच्या मार्केट यार्डात खजुराची आवक वाढते, हातगाड्यांची ओढाताणही. शेजारच्या गाळ्यावरून मागून आणलेली गाडी चोरीला गेली, तर भरपाई कोणाची?

घेतलेली वस्तू परत देईपर्यंत जबाबदारी घेणाऱ्या हाताचीच, अशा आशयाची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. ती समुरा बिन जुंदुब यांच्याकडून हसन बसरींनी सांगितली. गंमत अशी, की तिर्मिजीतच नोंद आहे : हेच हसन पुढे उसने घेणाऱ्याला विश्वस्त ठरवून भरपाईतून सोडतात! आपल्या कोकणी मुसलमानांच्या शाफिई फिकहमध्ये भरपाई द्यावीच लागते. हनफी मात्र निष्काळजीपणा दाखवा म्हणतात. जाफरी शियांचे मत हनफींच्या जवळ, फक्त सोने-चांदी उसनी घेतली किंवा आधी अट घातली असेल तर भरपाई.

शिया विद्वानांचा समुरांवर विश्वास नाही. अन्सारीच्या बागेत स्वतःचे खजुराचे झाड म्हणून ते न विचारता आत शिरत. समजावूनही ऐकेनात, तेव्हा प्रेषितांनी (स.) झाड उपटायला सांगितले. ‘अल-काफी’त याच प्रसंगी कोणाचे नुकसान करू नये हे तत्त्व येते. तरीही हातावरच्या जबाबदारीची त्यांचीच हदीस बहुतेक शिया फकीहांनी नियम म्हणून स्वीकारली.

गाडीचा वाद कोर्टात गेला, तर १८७२ च्या करार कायद्याचे कलम १५२ लागेल. तेही हनफींसारखेच : नीट काळजी घेतली असेल, तर भरपाई नाही.