तीन दिवसांची एक खेळी

पत्राने बुद्धिबळ खेळण्याची हौस जुनीच. लंडन आणि एडिंबरो या शहरांचा असा सामना १८२४ पासून १८२८ पर्यंत चालला होता, आणि एडिंबरोने तो जिंकला!

आमचा सामना इंटरनेटवरचा. एका खेळीला तीन दिवस. सुरुवातीच्या खेळींची पुस्तके चाळायला मुभा, यंत्राचा सल्ला मात्र डाव संपेपर्यंत वर्ज्य. आता ते यंत्र हातातल्या फोनमध्येच असते! पहारा करणार कोण? ज्याचा त्याने. म्हणून मी वही घातली. खेळीपुढे तिचे कारण आधी लिहायचे. यंत्राला विचारायचे ते डाव संपल्यावर.

गेल्या पावसाळ्यातला डाव पाहा. दोघांकडे एकेक हत्ती, प्रतिपक्षाकडे वर एक प्यादे. "अगं, दे सोडून," असा घरचा सल्ला. मी वहीत लिहिले : 'राजा प्याद्याच्या वाटेत. हत्ती आपल्याकडून तिसऱ्या रांगेत, म्हणजे त्याच्या राजाला पुढे येता येत नाही. प्यादे त्या रांगेत आले, की हत्तीने पार पलीकडे जाऊन मागून शह देत राहावे. त्याच्या राजाला आडोसा उरत नाही.' ही फिलिडोरने १७७७ मध्ये दाखवलेली युक्ती. डाव बरोबरीत सुटला.

मग यंत्र उघडले. पटावर सातपर्यंत सोंगट्या उरल्या, की निकाल आता आधीच मोजून ठेवलेला असतो. आमच्या तर पाचच होत्या. उत्तर आले, 'बरोबरी'. बस्स, एवढेच! कारण वहीत होते.

प्रतिपक्षाला ते पान उतरवून पाठवले. उलटटपाली नवा डाव आला आहे : राजापुढचे प्यादे, दोन घरे.