बारा प्राण्यांचे कुटुंबचित्र

चीनमध्ये बारा वर्षांच्या चक्रातील प्रत्येक वर्ष एका प्राण्याचे; आरंभ उंदरापासून, समाप्ती डुकराशी. या प्राण्यांतून कोणी आपल्या कुटुंबाचे चित्र करवून घेऊ म्हटले, तर चित्रकाराने केवळ जन्मसाल नव्हे, जन्मतारीखही विचारावी. १९८४ चे मूषकवर्ष २ फेब्रुवारीस लागले. त्यापूर्वी, जानेवारीत जन्मलेले बालक वराहवर्षाचे. येथे चूक झाली, की घरचेच मूल चित्रात परके ठरते. १९२४ च्या मूषकवर्षातील आजोबा आणि १९८४ च्या मूषकवर्षातील नातू यांच्यामध्ये साठ वर्षांचे पूर्ण आवर्तन असते. साठ संवत्सरे मोजणाऱ्या आपल्या वाचकांस त्याचे अप्रूप सांगावयास नको. पिता ससा आणि कन्या वाघीण असली, तरी चित्रात कन्येने पित्याच्या कुशीतच विसावावे. प्राणी वर्ष ठरविते. नाते मात्र चित्रकारानेच राखावयाचे, असे आम्हांस वाटते.