रनटाइम सांभाळायचा कोणी?

जावात लिहिलेला प्रोग्राम विंडोजला थेट कळत नाही. तो चालवायला मध्ये जावाचा रनटाइम लागतो. सी-शार्पमधल्या प्रोग्रामला डॉटनेट लागते, सी++ मधल्यालाही बहुधा काही डीएलएल फाइली लागतात. मेमरी वाटणे, फाइल उघडणे, नेटवर्कशी बोलणे अशी नित्याची कामे रनटाइमकडे असल्यामुळे प्रत्येक प्रोग्रामरला ती नव्याने लिहावी लागत नाहीत. प्रोग्राम ग्राहकाकडे पाठवताना मात्र एक निर्णय घ्यावाच लागतो. रनटाइम त्याच्या संगणकावर आहे असे धरून चालायचे, की सोबत बांधून द्यायचा?

सुरुवातीला उत्तर ठरलेले होते. डिस्क महाग होती आणि इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचे. २००५च्या डॉटनेट फ्रेमवर्क २.०चा इन्स्टॉलर सुमारे २२ एमबीचा होता. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर, लाइन एकदाही तुटली नाही तरी, तो उतरवायला पाऊण तासाहून जास्त वेळ लागे. प्रत्यक्ष प्रोग्राम कधी कधी एक एमबीचासुद्धा नसे. तेव्हा रनटाइम एकदाच टाकावा आणि सगळ्यांनी मिळून वापरावा, हेच शहाणपणाचे होते.

पण सामाईक वस्तूचा धनी कोण, हे ठरले नव्हते. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत या डीएलएल फाइली एकाच सिस्टिम फोल्डरमध्ये असत. एखाद्या इन्स्टॉलरने त्याच नावाची जुनी फाइल तिथे आणून टाकली की कालपर्यंत नीट चालणारा भलताच प्रोग्राम बंद पडे, आणि दोष कोणाचा हे सहजी कळत नसे. २००१च्या एक्सपीपासून एकाच फाइलच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवण्याची सोय झाली. अशा शेजारी-शेजारी नांदणाऱ्या आवृत्त्या आजही कंट्रोल पॅनेलच्या यादीत दिसतात: व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल २००८, २०१०, २०१२, २०१३, शिवाय ३२ आणि ६४ बिटच्या नोंदी निराळ्या. पसारा वाटतो म्हणून कोणी त्यातली एखादी काढून टाकतो, आणि पुढे कधीतरी प्रोग्राम उघडताना ‘एमएसव्हीसीआर१००.डीएलएल सापडत नाही’ असा निरोप येतो. २०१५पासूनच्या काही आवृत्त्या मायक्रोसॉफ्टने एकमेकींशी सुसंगत ठेवल्या, तेव्हा कुठे ही यादी लांबायची थांबली.

जावाची कथा अधिक बोलकी आहे. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सने ती आणली, तीच ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ असा शब्द देऊन. शब्द खरा ठरायला समोरच्या संगणकावर योग्य ती जावा असणे भाग होते. आपल्याकडच्या कर सल्लागारांना हे वेगळे सांगायला नको. आयकर विवरणपत्रासाठी काही वर्षे जावा युटिलिटी दिली जात होती, आणि टीडीएस विवरणपत्र तयार करण्याची आरपीयूही जावावरच बेतलेली. जावाची जार फाइल आतून झिप फाइलच असते. विनरारसारख्या प्रोग्रामने हा फाइलप्रकार आपल्याकडे घेतला असेल, तर डबल क्लिक केल्यावर युटिलिटीऐवजी फोल्डर आणि अनाकलनीय फाइलींची यादी उघडते. युटिलिटी धड असते, जावाही बसवलेली असते. दोघांची गाठ घालून देणारी विंडोजमधली नोंद तेवढी बदललेली असते.

पुढे सन विकत घेणाऱ्या ओरॅकलने २०१८च्या जावा ११पासून सामाईक रनटाइमचा मार्गच सोडला. जेआरई, म्हणजे जावाचा रनटाइम, वेगळा देणे थांबले, वेबवरून जावा प्रोग्राम सुरू करणारे वेब स्टार्टही गेले. जावा ९मध्ये आलेले जेलिंक हे साधन प्रोग्रामला लागतील तेवढीच मोड्यूल घेऊन आटोपशीर रनटाइम बनवते. २०२१च्या जावा १६पासून जेपॅकेज त्यातून विंडोजसाठी एमएसआय, मॅकसाठी डीएमजी असा तयार इन्स्टॉलर काढून देते. गंमत अशी की विंडोजचा इन्स्टॉलर विंडोजवरच आणि मॅकचा मॅकवरच बनवावा लागतो.

रनटाइम सोबत बांधला की ग्राहकाची डोकेदुखी प्रोग्राम बनवणाऱ्याच्या माथी येते. इलेक्ट्रॉन या चौकटीवर बनलेल्या प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात क्रोमियम ब्राउझर असतो. साधी टिपणवहीसुद्धा शंभर एमबीच्या पुढे जाते ती त्यामुळेच. जागेबद्दल सगळेच कुरकुरतात, पण खरी गोची सुरक्षेची आहे. सप्टेंबर २०२३मध्ये वेबपी चित्रे वाचणाऱ्या लिबवेबपी या क्रोमियममधल्या लायब्ररीतला गंभीर दोष उघड झाला. मुद्दाम तसे घडवलेले चित्र नुसते दाखवले गेले, तरी मेमरीत भलत्या जागी लिहिले जाऊन घुसखोराचा कोड चालण्याचा धोका होता. क्रोमची दुरुस्ती लगेच आली. मात्र सिग्नल, वन-पासवर्ड यांसारख्या इलेक्ट्रॉनवरच्या प्रोग्रामांना तिचा उपयोग नव्हता. प्रत्येकाला आपापली नवी आवृत्ती काढावी लागली. ज्याच्या निर्मात्याने हालचाल केली नाही, त्यातले भोक तसेच राहिले.

लिनक्सवरच्या फ्लॅटपॅकने मधला रस्ता काढला. कोणता रनटाइम आणि कोणत्या आवृत्तीचा हवा, हे प्रोग्राम नाव घेऊन सांगतो. फ्लॅटपॅक तो आणून अनेकांत वाटते, आणि निरनिराळ्या रनटाइममधल्या सारख्या फाइली डिस्कवर एकदाच ठेवते. रनटाइमची मुदत संपली की तसा इशाराही देते. विंडोजवरचे वेबव्ह्यू२ ब्राउझरपुरते साधारण हेच करते: इंजिन मायक्रोसॉफ्ट अद्ययावत ठेवते, प्रोग्राम ते उसने घेतात.

आजचे डॉटनेट दोन्ही पर्याय देते. सामाईक रनटाइमवर विसंबलेला प्रोग्राम काहीशे केबीत मावू शकतो, आणि ८.०.१च्या जागी ८.०.२ आले की आपोआप नव्यावर चालू लागतो. डॉटनेट ६साठी बनवलेला प्रोग्राम मात्र, आधी तशी सूचना दिलेली नसेल तर, फक्त ८ असलेल्या संगणकावर सुरूच होत नाही. स्वयंपूर्ण प्रोग्रामला संगणकावर डॉटनेट असण्या-नसण्याशी देणेघेणे नसते, पण त्याच्या पोटातला रनटाइम बांधला त्या दिवसाचाच राहतो. कार्यालयातले संगणक सांभाळायला माणूस असेल तर पहिला पर्याय सोयीचा. अनोळखी लोक उतरवून घेणार असतील तर दुसरा. डॉटनेटच्या सुरक्षा-दुरुस्त्या साधारणपणे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. त्यानंतर नवी आवृत्ती बांधायला कोणी बसणार नसेल, तर तिथेही पहिलाच बरा.