नवी इलेक्ट्रिक कार घेताय? मग चाकाचा आकडाही वाचा

गाडी घ्यायची ठरली की घरात पहिला वाद रंगावरून होतो. आमच्याकडे तो दोन मिनिटांत मिटला, कारण बाबांना पांढऱ्याशिवाय दुसरा रंग दिसतच नाही. खरी जुंपली ती चाकांवरून! दादाला २० इंची हवी होती, बाबांच्या मते १९ इंची पुरे. भिलाईच्या सेक्टर १० मधल्या आमच्या क्वार्टरमध्ये हा वाद सलग तीन रविवार चालला.

गाडी रोज प्लांटपर्यंत जाणार आणि महिन्यातून एकदा आजीला भेटायला नागपूरला. बाबांची निवृत्ती दोन वर्षांवर आलीय, म्हणजे ही बहुधा त्यांनी घेतलेली शेवटची गाडी. चुकलो तर दहा वर्षं पाठीला आणि खिशाला जाणवणार. म्हणून मी जरा खोलात शिरले. तुम्हीही अशाच विचारात असाल तर हे तुमच्या कामी येईल.

आधी टायरवरचा आकडा वाचू या. आम्ही महिंद्राची एक्सईव्ही ९ई बघत होतो. तिच्या १९ इंची टायरवर २४५/५५ आर१९ असं लिहिलेलं असतं. २४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ५५ टक्के. आर म्हणजे रेडियल. आणि १९ हा आतल्या रिमचा व्यास, इंचांत. पर्यायी २० इंची चाकाचा आकडा आहे २४५/५० आर२०.

आता मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा. १९ इंचीत रबराची भिंत साधारण १३५ मिलिमीटर येते, २० इंचीत १२२. पूर्ण चाकाचा व्यास मात्र दोन्हींत जवळपास सारखाच, ७५२ आणि ७५३ मिलिमीटर. म्हणजे ‘मोठं चाक’ मोठं नसतंच! धातू वाढतो आणि तेवढं रबर कमी होतं. गाडी उंचही होत नाही. हे कळल्यावर दादा पहिल्यांदा गप्प बसला.

नुसत्या इंचांवर जाऊ नका, हेही यातूनच कळतं. टाटा नेक्सॉन ईव्हीचा टायर २१५/६० आर१६ आहे, त्याची भिंत १२९ मिलिमीटर. म्हणजे १६ इंची नेक्सॉनपेक्षा १९ इंची एक्सईव्हीला रबर जास्त आणि २० इंचीला कमी. दोन वेगळ्या गाड्या बघत असाल तर भिंतीची तुलना करा.

आता रेंज. सगळे वाद इथेच अडकतात. रिम मोठी झाली की वजन बाहेरच्या कडेकडे सरकतं, ते फिरवायला जास्त जोर लागतो. मोठ्या उघड्या डिझाइनमुळे हवाही जास्त अडते. युरोपात किया ईव्ही६ च्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या मॉडेलची रेंज कंपनीने १९ इंची चाकांवर ५२८ किलोमीटर आणि २० इंचीवर ५०४ दिली होती. फरक साधारण साडेचार टक्के. (तसं बघाल तर सगळ्यात कमी अडणारं चाक म्हणजे पोलादी रुळावरचं पोलादी चाक. भिलाईत रूळ बनतात, त्यामुळे बाबा हे कुणालाही ऐकवतात.)

साडेचार टक्के ऐकायला मोठं वाटतं. पण हिशेब करा. हायवेवर एसी लावून गाडी खरोखर ३५० किलोमीटर जात असेल, तर फरक पडतो सोळा किलोमीटरचा. भिलाईहून राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा करत नागपूर साधारण २६० किलोमीटर. दोन्ही चाकांवर पोचालच. विजेचं म्हणाल तर वर्षाला १२ हजार किलोमीटर आणि शंभराला १५ युनिट धरले, तर जादा लागतील ८५ युनिट. सात रुपयांनी सहाशेही होत नाहीत. माझ्या मते रेंजसाठी डोकं फोडण्यात अर्थ नाही.

डोकं लावायचं ते रबरासाठी. खड्ड्यात गाडी आपटली की पहिला मार टायरची भिंत खाते. ती जितकी कमी, तितका मार रिमला आणि आपल्या पाठीला. त्यात इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळे जड. गेल्या पावसाळ्यात दादाच्याच मित्राचं मोठं अलॉय व्हील नागपूरच्या वाटेवर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात तडकलं. लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ करता येते, तडकलेल्या अलॉयला तसं जमत नाही. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनीच नसते, नुसतं पंक्चर किट मिळतं, आणि ते तडकलेल्या रिमवर काय करणार? बायको आणि लहान मुलासह तो चार तास रस्त्याकडेला बसून होता. घ्यायचा त्या मापाचा टायर आपल्या गावातल्या दुकानात मिळतो का आणि केवढ्याला, हे बुकिंगआधी विचाराच.

मोठ्या चाकाचं काहीच चांगलं नाही असं नाही. वळणावर गाडी जास्त घट्ट वाटते, आणि दिसते तर झकासच. एकटे चालवणार असाल, रस्ते गुळगुळीत असतील, तर घ्या की!

टेस्ट ड्राइव्हला मात्र एक गोष्ट करा. शोरूमची गाडी बऱ्याचदा टॉप मॉडेलची असते, म्हणून तिला कोणती चाकं आहेत ते आधी बघा. मग मागच्या सीटवर बसा, घरातल्या सगळ्यात दुखऱ्या पाठीच्या माणसाला शेजारी घ्या आणि स्पीडब्रेकरवरून चला. आम्ही आईला बसवलं. २० इंचीत तिसऱ्या ब्रेकरला ती म्हणाली, “आजींना यात नागपूरहून आणणार तुम्ही?”

गाडी घेतल्यावर बाजारातून मोठी चाकं बसवायचा मोह झाला, तर दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा. कंपनीने मान्य केलेलं माप आणि हवेचा दाब तिथे छापलेला असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. मे महिन्यातल्या दुपारी टायर तापून दाब जास्त दाखवतो, आणि तो बघून हवा काढली तर रात्री टायर कमी हवेवर धावतो. अशा वेळी रेंजही जाते आणि टायरही झिजतो.

शेवटी १९ इंची बुक झाली. सिव्हिक सेंटरला २० इंची दिसली की दादा अजून वळून बघतो.