व्यायामाची मात्रा

नातवानं न्यू जर्सीहून फोनवर सांगितलं, ‘‘आजोबा, मी एक्सरसाइज सायन्स घेतोय.’’ फोन ठेवल्यावर आमची ही हळूच म्हणाली, ‘‘म्हणजे पी.टी.चा मास्तर होणार का हो हा?’’ खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे गेलो, तेव्हा त्याची पुस्तकं चाळली. शरीररचना, शरीरक्रिया, रसायन, आहार, संख्याशास्त्र! डंबेल्सचा पत्ता नाही. आपल्याकडे बारावीनंतर थेट फिजिओथेरपीला जाता येतं. तिकडे आधी पदवी, मग साधारण तीन वर्षांचा डॉक्टरेटचा अभ्यासक्रम. त्याच्या प्रवेशाला लागणारे बरेचसे विषय या पदवीत होऊन जातात. कुणी पुढे ऑक्युपेशनल थेरपीकडे वळतं, कुणी हृदयरुग्णांच्या पुनर्वसनाकडे.

एका संध्याकाळी त्यानं डॅलसची गोष्ट सांगितली. १९६६ साली तिथं विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना प्रयोगासाठी तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीन आठवड्यांच्या झोपण्यानं श्रमाची जेवढी ताकद गेली होती, तेवढी तीस वर्षांच्या वयानंही गेली नव्हती!

मी गप्प झालो. १९६८ मध्ये माझ्या वडिलांना हार्ट अटॅक आला. डॉक्टरांनी सहा आठवडे सक्त विश्रांती सांगितली. तेव्हाची रीतच ती. आईनं त्यांना पाण्याचा पेलाही उचलू दिला नाही. ते वाचले, पण गिरगावातल्या चाळीचे तीन जिने पुन्हा कधी एका दमात चढले नाहीत. आम्ही सारा दोष हृदयाला दिला.

अँजिओप्लास्टीनंतर मीही आरामखुर्चीला चिकटलो होतो. नातू म्हणाला, ‘‘आजोबा, व्यायाम हे औषध आहे. औषधाला मात्रा असते. किती आणि कसं चालायचं, हे डॉक्टरांना विचारलंत का?’’ नव्हतं विचारलं. परत आल्यावर विचारलं. त्यांनी तपासण्या करून रोजचा वेळ ठरवून दिला. वेग ओळखायची खूण मात्र नातवाची: चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये.

आता आम्ही दोघं रोज सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारतो. मध्येच ही विचारते, ‘‘गाणं येतंय का?’’ मी मान हलवून ‘नाही’ म्हणतो. शेजाऱ्यांनी नातवाची चौकशी केली, की हीच आता सांगते, ‘‘मास्तर नाही हो, औषधाचंच शिकतोय. फक्त बाटली नसते त्याच्याकडे.’’