मत्स्यालयातील पाणीबदल
मत्स्यालयातील पाणीबदल म्हणजे टाकीतील काही पाणी ठरावीक काळाने काढून तेवढेच ताजे पाणी भरणे होय. माशांनी उत्सर्जित केलेल्या अमोनियाचे जिवाणू अखेर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. साचलेले नायट्रेट मुख्यतः पाणीबदलानेच कमी होते. साधारणपणे आठवड्याला १० ते २५ टक्के पाणी बदलतात. दीर्घकाळ न बदललेले पाणी आम्लधर्मी होत जाते व त्यातील अमोनिया बहुतांशी कमी विषारी अमोनियम रूपात राहतो. असे पाणी एकदम मोठ्या प्रमाणात बदलल्यास सामू वाढतो, अमोनियमचा पुन्हा अमोनिया होतो आणि स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही मासे दगावतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन ते उघडे ठेवल्यास हळूहळू उडून जातो. क्लोरामाइन मात्र टिकून राहते, त्यासाठी क्लोरीननाशक द्रावण वापरावे लागते. गाळणीचा स्पंज काढलेल्या पाण्यातच धुतल्यास उपयुक्त जिवाणू वाचतात.